हार जरा बाजूला सरकवा

मंडळी, बोलायला उभा राहिलो खरा, पण आधी माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. शहापुरातली सगळी शेवंती एकाच हारात ओवलेली दिसते. हार इतका मोठा झालाय की फोटोतल्या सरांचे डोळेच झाकलेत. मी बातमीदार माणूस, अर्ध्या चेहऱ्याशी बोलायची मला सवय नाही.

दत्ता सर माझे शेजारी, तुमचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. गेल्या वर्षी त्यांनी वर्गात विचारलं होतं, मेल्यावर डोळे कोण कोण देणार? मुलांनो, तुम्ही सगळ्यांनी हात वर केलेत. तेवढ्यात येळ्ळूरचा आपला यल्लाप्पा हळूच म्हणाला, "सर, डोळं दिलं की पुढच्या जन्मी आंधळं जन्मतोय म्हणत्यात."

सर म्हणाले, "व्हय रं? मग गेल्या जन्मी तू मेंदू दिलतास काय?"

वर्ग हसला. यल्लाप्पाही हसला. पण हसता हसता एकेक हात खाली आला. हे सरांनीच मला कट्ट्यावर सांगितलं.

मीही शास्त्र काढलं. म्हटलं, दानात गाय आहे, भूमी आहे, सोनं आहे. डोळे कुठे आहेत? तर सर मला चिडवत म्हणाले, "पंडित, पाणी सोडताना तुम्ही 'न मम' म्हणता. माझं न्हवं. मग डोळ्यांपुरतंच 'मम' का?" माझं संस्कृत तिथंच संपलं. मी त्यांना शब्द दिला, माझेही डोळे जातील.

परवा सर गेले. डॉक्टर आले, डोळे काढून घेतले, पापण्या नीट मिटवल्या. झोपलेत असंच वाटावं. अंगण तुम्हा मुलांनी भरलं होतं. आणि काय झालं? एकेक जण वाकला, पायांना हात लावला आणि वळला. पायांना. फक्त पायांना. न जाणो, पापणी उघडली तर? आत काय दिसेल? उशाशी बसलेल्या वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या तोंडाकडं कुणीच बघंना झालंय की."

मीही पायांशीच उभा होतो.

यल्लाप्पा, ऊठ रं. तो हार जरा बाजूला सरकव. हां, दिसले सर.

आता सगळे उभे राहूया. श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांच्या शांततेत डोळे मिटायची आपली रीत आहे. आज मिटू नका. सरांच्या तोंडाकडे बघा.

हे मी सरांसाठी मागतोय असं समजू नका. समोर मुलींच्या रांगेत माझी लेकही आहे. परवा तीही पायांनाच हात लावून वळली. पुढच्या जन्मी आंधळा होईन, याचं मला भय नाही. माझ्या वेळी ती माझं तोंड न बघताच वळेल, याचं आहे.