शब्दबंबाळ शास्त्री आणि ठकू बेलदारीण

मंडळी, जड जड शब्द बोलला म्हणून माणूस मोठा होतो का हो? सांगा की! – ते बघा, पुढं बसलेले शाळेतले गुरुजी हसले, म्हणजे दुखतंय कुठंतरी!

रक्तबंबाळ माणूस पाहिलाय? चेहरा ओळखू येत नाही. तसं शब्दांनी न्हालेलं बोलणं, ज्यात अर्थच ओळखू येत नाही, ते शब्दबंबाळ! ऐका तर.

हिवरे गावाच्या डोक्यावर मोठा तलाव. बांधावर दगड बसवणारी ठकू बेलदारीण. एका सकाळी तिला दिसलं – बांधातून नितळ झिरपणारं पाणी गढूळ झालंय! बांध फुटणार, म्हणून ती गावात सांगत सुटली. जादा पाणी सोडायच्या वाटेवरच्या, सांडव्याच्या फळ्या काढल्या तर पाणी उतरेल. पण त्याला सरदारांचा हुकूम हवा!

गावानं अनंतशास्त्र्यांना पुढं केलं. ठकू म्हणाली, "म्या सांगते की!"

"उगी राहा गं," शास्त्री म्हणाले. " दरबारी भाषा तुला यायची नाही."

गेले सरदारांच्या वाड्यावर, ठकूही मागोमाग. शास्त्रीबुवांनी घसा खाकरला – "हे प्रचंडप्रतापमार्तंड, अरिगजकेसरी! जलौघविदारित सेतुबंधाच्या आसन्न विच्छेदाने संत्रस्त ग्रामवासी..."

सरदार डोलायला लागले! "वा! काय वाणी! शाल आणा रे!"

अहो, शाल आली – हुकूम कुठाय? शास्त्री पुन्हा सुरू! ठकूच्या डोळ्यांपुढं बांधाखालची तीनशे माणसं, तिची बाळंतीण लेक. ती पुढं झाली.

"सरकार! बांध फुटतोया! फळ्या काढा!"

सरदार उठले. "तुला कसं कळलं?"

"पानी गढूळ येतंया. आतली माती चाललीया, सरकार!"

"घोडं काढा! फळ्या उपसा!" सरदार गरजले. मग वळले, "शास्त्रीबुवा, तुम्ही काय सांगत होतात?"

"हेच... महाराज."

"मग सांगितलं का नाहीत?"

फळ्या निघाल्या! पाणी धो धो ओढ्याला लागलं! दिवसभर गाव माती टाकत होतं, ठकू दगड रचत होती – आणि पाटी वाहत होते कोण? अनंतशास्त्री! घामाघूम होऊन म्हणाले, "ठकूबाई, चुकलो मी."

"दगड द्या हिकडं," ठकू म्हणाली.

बांध राहिला! गाव राहिलं! लेक तान्ह्याला घेऊन अंगणात उभी होती!

आता तुमचं बघा. सख्ख्या भावाशी अबोला धरून बसलेले इथं किती आहेत? हात वर करू नका, मला दिसताय! मनात भाषणं रचू नका. आज त्याच्या दारात जा आणि शास्त्र्यांसारखं म्हणा – चुकलो! जमेल? अवघड वाटतंय? मग आधी देवापुढं सराव करा. दोन्ही हात वर! विठ्ठल!