नागोरावांचं पान

मुक्ताबाई : अजून पहिलंच भजं हाय का ते हातात, भावजी?

दत्तोबा : दुसरं हाय, वहिनी. पहिलं खाल्लं मी. तुमचं लक्ष नव्हतं.

मुक्ताबाई : माझं लक्ष तुमच्या ताटाबाहेर कुठंच नाय. हे गेल्यापासून ह्यांच्या म्हाळाला तुम्हीच बसताय. ह्यांच्या नावानं पोटभर जेवंल असा दुसरा माणूस हडपसरात नाय. तुम्ही ढेकर दिली की मी समजते, पोचलं तिकडं.

दत्तोबा : नागोरावाचं खाणंबी तसंच होतं. आम्ही दोघं पंगतीला बसलो की आचारी पातेलं घेऊन आमच्यासमोरच बसायचा. फेऱ्या वाचायच्या त्याच्या.

मुक्ताबाई : मग खा की. यंदा कावळाबी शिवला नाय. अकराव्या मजल्यावर यायला त्यालाबी दम लागत असंल.

तनुजा : आई, गच्चीवरचं पान कबुतरांनी संपवलं. ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आलाय, पुढच्या वेळी परमिशन घ्या म्हणून.

मुक्ताबाई : बघा. ज्या रानात ह्यांनी ऊस लावला, त्याच रानावर ही बिल्डिंग. आन् ह्यांच्या घासाला परवानगी सेक्रेटरीची. अळूवडी तरी घ्या, भावजी.

दत्तोबा : जात नाय, वहिनी.

मुक्ताबाई : मीठ कमी पडलं?

दत्तोबा : मीठ बरोबर हाय. माझी भूकच मेली. दर आठवड्याला पोटात भूक मारायची सुई टोचून घेतो. झोपेत श्वास अडकाय लागला, साखर वाढली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, काका, वजन उतरवा, नायतर हृदय ऐकायचं नाय. छोटी ताटली, सकाळचं चालणं आन् ही सुई. घरातलं माझं ताट सुनेनं माळ्यावर टाकलं.

तनुजा : पण काका, रिझल्ट दिसतोय ना. वजन केवढं उतरलंय.

दत्तोबा : दिसतोय की. परवा मंडईत एकानं विचारलं, घरात कोण गेलं? म्हणलं, मीच चाललोय, हप्त्याहप्त्यानं.

मुक्ताबाई : मला आधी सांगायचं.

दत्तोबा : सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याला बसवलं असतं. म्हणून ह्या आठवड्याची सुई चुकवली. म्हणलं, आजच्यापुरती तरी भूक येईल. पण औषध लई चिवट. भूक आली नाय. साखर मात्र लगेच आली. तिला आमंत्रण लागत नाय.

तनुजा : काका, असा मधेच डोस स्किप नाही करायचा. डॉक्टरांना विचारलंत?

दत्तोबा : काय विचारू? मेलेल्या मित्राच्या वाटचं जेवायचंय, म्हणून?

तनुजा : हो. असंच विचारायचं.

(मुक्ताबाई खिरीची वाटी उचलून बाजूला ठेवतात.)

दत्तोबा : वाटी द्या इकडं, वहिनी. बसतो हळूहळू खात. नागोराव उपाशी राहील.

मुक्ताबाई : राहू द्या. जन्मभर जेवलेत ते. एक दिस राहिले उपाशी तर मरणार नायत. तनुजा, काकांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव. चुकलेली सुई कधी घ्यायची ते नीट विचार. आन् खरं सांग, का चुकवली ते.

दत्तोबा : मग पुढच्या वर्षी कुणाला बसवणार?

मुक्ताबाई : तुम्हालाच. दोन घास वाढीन.

दत्तोबा : दोन घासांना पाहुणा कशाला बोलावायचा?

मुक्ताबाई : तुमचंबी पान मांडायची वेळ आली ना भावजी, तर त्याच्यावर बसवायला माझ्याकडं माणूस नाय.