साहेब नसलेल्या ऑफिसातलं नाव

कोणी विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! एकानंही नाही. सख्ख्या बहिणीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तू दुपारी जरा पडत जा." आता मी काय वेडंवाकडं बोलले? एवढंच म्हटलं, की आमच्या दुकानाचं नाव कोणीतरी उचललंय, ते जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांवर लिहिलेलं दिसतंय, आणि तक्रार करायला जावं तर साहेबच नाहीत. ऑफिसच नाही! पत्ता विचारला तर म्हणे पत्ता नसतो.

तुम्हाला सांगते, आमचं शिलाईचं दुकान. 'नीटनेटके'. बावीस वर्षं. पँट आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला, कोटाला अस्तर घाला, सगळं. नवरा कटिंगला, मी मशीनवर, इस्त्रीवर आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर. नवऱ्याला सगळं गाव मास्तर म्हणतं, मीही म्हणते. बरं चाललं होतं. तर समोर, रस्ता ओलांडून चौदा पावलं, मी मोजलीत, थोरल्या जाऊबाईंनी दुकान काढलं. शिलाईचंच! आणि नाव काय? 'नवे नीटनेटके'! म्हणजे आम्ही कोण झालो? जुने! लोक पँट त्यांच्याकडे टाकायचे, न्यायला माझ्याकडे यायचे आणि भांडायचेही माझ्याशीच. "अहो बाई, मंगळवारी दिली होती!" मला नाही दिली हो, समोर दिली!

तर आमचे जावई. कॉम्प्युटरच्या कंपनीत असतात, हळू बोलतात, समोरच्याला ऐकू जायची त्यांना घाई नसते. म्हणाले, "आई, नाव नोंदवून टाकू. ब्लॉकचेनवर."

"ते कुठे आलं?"

"समजा एक वही आहे. तिच्या हजारो प्रती, हजारो लोकांकडे. त्यात एकदा लिहिलं की 'नीटनेटके' तुमचं, तर ते खोडायला सगळ्यांच्या वह्या खोडाव्या लागणार. म्हणून कोणी खोडूच शकत नाही. गिऱ्हाइकानं ते नाव घातलं की तुमच्याच दुकानाचं पान उघडणार. फक्त त्याच्या फोनमध्ये आधी एक छोटं काहीतरी घालावं लागतं."

म्हणजे पँटीच्या आधी गिऱ्हाइकाचा फोन दुरुस्त करायचा. असो. मी सरळ विचारलं, "मूळ वही कोणाकडे? साहेब कुठे बसतात?"

"साहेब नाहीत, आई."

"रजेवर आहेत?"

"नाहीतच. कधीच नव्हते. तीच तर गंमत आहे."

गंमत! मी म्हटलं, मग नाव माझं हे ओळखणार कसं? सही? अंगठा? तर म्हणाले, बारा शब्द मिळतात. साधेच, पण ओळीनं लिहून ठेवायचे. फोनमध्ये ठेवायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, कोणाला दाखवायचे नाहीत. ज्याच्याकडे बारा शब्द, त्याचं नाव. हरवले तर? हरवले. साहेबांना अर्ज? साहेब कुठे आहेत, आई?

बरं, नोंदवा म्हटलं. नावापुढे टिंब आणि टिंबापुढे आणखी एक शब्द असतो. जावई म्हणाले, त्याला आडनाव समजा. 'दुकान' या आडनावाच्या घरात 'नीटनेटके' एकच असणार, जो आधी येईल त्याचा. बसले बोटं चालवत. आणि थांबले.

"आई… हे गेलंय."

"कुठे गेलंय?"

"कोणीतरी घेतलंय. तीन आठवड्यांपूर्वी."

"कोणी?"

तर त्यांनी मला मालकाचं नाव दाखवलं. नाव कसलं, आकडे आणि अक्षरं, अक्षरं आणि आकडे, एवढी लांब शेपटी! मी म्हटलं, हा माणूस राहतो कुठे? म्हणाले, ते कळत नाही. सगळ्यांना दिसतं, पण कोण ते कळत नाही. म्हणजे चोर चौकात उभा आहे आणि बुरखा घालून उभा आहे!

मला कळायचं काय राहिलं होतं? तीन आठवडे! समोरचं शटर उघडूनही तेवढेच झालेत. मी हातातली कात्री ठेवली, चौदा पावलं टाकली, आणि तिकडच्या दारात उभी राहून जे बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. "जाऊबाई, पाटीवर घेतलंत ते घेतलंत, ब्लॉकचेनवरपण? टिंब दुकानसुद्धा सोडलं नाहीत?"

जाऊबाई हूक लावत होत्या. वर न बघता म्हणतात कशा, "धाकटे, मला फोन बंद करायचा तर नातीला हाक मारावी लागते. कसला ब्लॉक आणि कसली चेन? चेन माझ्याकडे सहा इंची आहे आणि आठ इंची आहे, बोल कुठली देऊ?"

गिऱ्हाइकं हसली. मी आणखी चिडले आणि सगळं समजावून सांगितलं त्यांना. वही, बारा शब्द, आडनाव, जो आधी येईल त्याचा… सगळं! पदरचं घालून शिकवलं!

परत आले. जावई म्हणाले, "आई, जाऊ द्या, दुसरं आडनाव घेऊ. 'बाजार' आहे, आणखी बरीच आहेत. दुसऱ्या चेनवर, म्हणजे दुसऱ्या वहीत, तर 'दुकान'सुद्धा वेगळं मिळेल."

"या वयात आडनाव बदलायचं म्हणजे मी काय दुसरं लग्न करू?"

तेवढ्यात माझं लक्ष गेलं मास्तरांकडे. सुईत दोरा ओवत होते. कधीचे ओवतच होते! डोळे मिटून ओवणारा माणूस तो. मी म्हटलं, "मास्तर, इकडे बघा."

बघितलं नाही. म्हणाले, "मी घेतलंय."

"काय?"

"नाव. तुझ्या वाढदिवसाला सांगणार होतो. तो कोट शिवून घेणारा चष्मेवाला आहे ना, त्यानं शिकवलं. माझ्या फोनवरून केलं. मग फोन इस्त्रीच्या पाण्याच्या बादलीत पडला… आणि तू एवढी तापलीस की बोलायची हिंमत झाली नाही."

अहो, मला रागवावं की रडावं कळेना. बावीस वर्षांत मला विचारल्याशिवाय बटण न बदललेला माणूस! जावई मात्र उजळले. "बाबा, काळजी नको! फोन गेला तर गेला, बारा शब्द लिहिलेत ना?"

"लिहिलेत की. कागद फाटतो, म्हणून कापडावर लिहिले. अस्तराच्या उलट्या बाजूला. करड्या अस्तराच्या."

"कशानं लिहिले?"

मास्तर जन्मभर कशानं लिहितात? खडूनं! मापं खडूनं, गिऱ्हाइकाचा नंबर खडूनं. ते करडं अस्तर मला कपाटात चुरगळलेलं सापडलं होतं, उलट्या बाजूला खडूची भुतावळ. मी काय केलं? धुतलं, वाफेची इस्त्री मारली, आणि तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्याच्याच कोटाला घातलं. घालून गेलासुद्धा तो! एक अक्षर उरलं असेल तर शपथ. माझी इस्त्री आहे ती!

मी जावयांना म्हटलं, आता काय? ते आणखी हळू म्हणाले, "नाव आपलंच आहे, आई. कायमचं. कोणी हिसकावू शकत नाही." मग उठता उठता, "आपणपण वापरू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं मरू दे, ते 'बाजार' आडनाव घ्या. घेतलं असतं. पण तेही सकाळीच गेलं होतं. या वेळी शेपटी ओळखायची गरज नव्हती, समोरच्या काचेवर कागदच लागला होता: 'नीटनेटके टिंब बाजार'. नातीनं करून दिलं म्हणे, आजीला धाकटीनं सगळं नीट समजावलं होतं.

आता घरात सगळे माझ्याकडे बघतात. धुतलं कोणी? इस्त्री कोणी केली? दारात जाऊन शिकवलं कोणी? कळतं हो मला, मी काय खुळी नाही. पण साहेब असते तर दोष त्यांच्यावर घातला असता, तेही नाहीत. मग घालायचा कोणावर? मास्तर बिचारे, जावई परक्याचे, आणि स्वतःवर घ्यायची मला सवय नाही. म्हणून मी ठरवून टाकलंय, कोणी विचारलं की एकच नाव सांगायचं… थोरल्या जाऊबाई.