वरची ओळ हालत न्हाई

न्हाई न्हाई पाहुणे, माऊस बिघडलेला न्हाई, तुमचं बोटबी नीटच फिरून राहिलंय — ती वरची ओळच हालत न्हाई. खाली कितीबी जावा, शंभराव्या मुलीवर जावा, दोनशेव्या — वर नाव, जन्मसाल, उंची, शिक्षण ही शीर्षकं, अन् त्यांच्या खाली ती एक मुलगी. तिच्याकडं ध्यान देऊ नका. कंधारहून एवढ्या लांब लातूरला आलात मुलासाठी, खालची स्थळं बघा, लई हायेत.

आता शीर्षकं का अडकवून ठेवली, ते ऐका. आधी काय व्हायचं — जरा खाली सरकलं की शीर्षकं वर पळून जायची, मग कोणता रकाना कशाचा, हे आपलं अंदाजानं. भाऊ अन् बहिणी, दोन रकाने शेजारी शेजारी. निलंग्याच्या पाहुण्यांना मी सांगून बसलो — मुलीला चार भाऊ हायेत, बहीण एकबी न्हाई. गेले बिचारे बघायला. बैठकीत बहिणी ओळीनं बसलेल्या, अन् हे दारातल्या चपला बघून राहिले, भाऊ कुठं गेले म्हणून. पोहे खाल्ले, उठले, सरळ माझ्याकडं. म्हणाले, रामलिंगअप्पा, तुम्ही मंडळ वधू-वरांचं चालवता का लपंडावाचं? मी पाणी दिलं त्यांना.

मग माझ्या लेकीनं — हाव, तीच, वरची, अंजू. लपवायचं काय त्यात. इथंच औसा रोडला लॅबमध्ये हाय, लोकांचं रक्त तपासते. तिनं फोनवरून सांगितलं — अप्पा, शीर्षकाच्या खालच्या ओळीत, नावाच्या उजव्या हाताचा चौकोन धरा, अन् फ्रीज लिहिलंय ते दाबा. शीर्षकं वर थांबतील, नावं डावीकडं थांबतील, बाकीचं सरकत राहील. सोपं हाय. मी धरला एक ओळ खालचा. झालं — शीर्षकासंगट पहिली मुलगीबी अडकली. अन् पहिली अंजूच. ती न्हाई तर कोण, हे मंडळ काढलंच तिच्यापायी. तिची आई गेली, विषय काढणारं घरात कुणी राहिलं न्हाई, म्हटलं आपणच स्थळं गोळा करावीत. गोळा झाली. लोकांची लग्नं झाली. परवाच एका बारशाचे पेढे आले, त्या डब्यात हायेत, घ्या की.

सोडवता येतं हो, येत न्हाई असं न्हाई. अंजूबी म्हणते — अप्पा, मला खाली टाका सगळ्यांसारखं, येणारे मला बघून बघून कंटाळले. म्हटलं, बरं. सोडवलं एकदा. थोडा खाली सरकलो — अन् ती दिसेना. ती कामावर, मी इथं एकटा. नुसता आकडेमोडीचा कागद तो, पण जीव घाबरा झाला माझा, खरं सांगतो. लगेच परत अडकवली. आता सकाळी संगणक लावला की पहिली तीच दिसते, अन् संध्याकाळी भाकरी टाकायला खरीखुरी येते. बरं चाललंय आमचं.

काय म्हणता? तीच? पाहुणे, तुम्ही खालचं नीट बघितलंच न्हाई. उदगीरची एक हाय बघा, बी.एड. झालेली, लई गुणाची. अंजूचं वय बघितलं का — तेहतीस. तुमचा छत्तीसचा? हां. पण उंच हाय ती, जोडा शोभला पाहिजे — सहा फूट? हां, मग शोभंल. रागीट हाय पण जरा. भाजीत मीठ कमी पडलं की — न्हाई, ते मी रागावतो. ती गप मीठ आणून देते.

नंबर? नंबर लई उजवीकडं हाय, शेवटच्या रकान्यात. सरका. नाव डावीकडं जागेवरच ऱ्हातं बघा, ह्याचा नंबर त्याला असं होत न्हाई. सरका अजून — हाव. कोरा हाय. बाकी सगळ्यांचा भरलाय, हिचाच राहिला. आजकालचा न्हाई, पहिल्यापासूनच. कुणी विचारलं असतं तर दिलाच असता की. विचारला होता म्हणा एकदोघांनी. त्यांना म्हटलं, कळवतो. पाच-सहा असतील. सगळ्यांना म्हटलं, कळवतो.

असं बघू नका माझ्याकडं.

मुलगा खाली गाडीतच बसलाय म्हणालात न्हवं? मग असं करा — सहाला सुटते ती. लॅबच्या बाजूला रसाचं दुकान हाय, तिथं थांबा दोघंबी, मी तिला आत्ता फोन करून ठेवतो. जे विचारायचं ते तिला विचारा, मला न्हाई. मी काही म्हणालो तर ऐकू नका. — चहा? चहा नंतर. आता उठा तुम्ही, अन् जाताना दार ओढून घ्या. ती ओळ सोडवायची हाय मला, अन् ते कुणासमोर जमायचं न्हाई.