केशरबाईच्या शेडवरून गेलेला वारा

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. वाईट करायला माणसाचं मन वाईटच असावं लागतं का? — माना हलवू नका इतक्यात! आधी ऐका.

बोरखेडी गावात केशरबाई रेशमाच्या अळ्या पाळायची. नवरा दगडू पुण्यात वॉचमन. त्यानं फोनवर शब्द दिलेला, "ही बॅच निघू दे, केशर. कायमचा घरी येतो." आधीच्या दोन बॅचेस रोगानं गेल्या होत्या. ही तिसरी! अळ्या बोटाएवढ्या झालेल्या, दोन दिवसांत कोष विणणार. शेडमध्ये उभं राहिलं की तुतीचा पाला खाण्याची नुसती सरसर!

अन् त्या दुपारी ढगातून वावटळीची सोंड उतरली. मोठी नव्हे हो! रुंदी वीस पावलं, मुक्काम दीड मिनिट. पलीकडच्या ओट्यावर मुंजाजी तात्या बसलेले — त्यांची टोपीसुद्धा हलली नाही! केशरबाईच्या शेडचे मात्र सहा पत्रे उचलले, रॅक आडवे केले, अन् बांधापलीकडे विरून गेली.

अळ्या जमिनीवर सांडल्या. पण जिवंत! गाव धावलं. वीस माणसं वेचायला बसली. तात्या सगळ्यांत पुढं — सत्तरीचा माणूस, गुडघ्यांवर! बसल्या बसल्या तळहातावर तंबाखू मळली, गालात धरली, अन् त्याच हातानं अळी उचलली.

केशरबाई ओरडली, "तात्या, हात धुवा आधी! तंबाखूचा हात लागला की मरतात त्या!"

तात्या थांबले. "सूनबाई, ह्याच हातांनी तुझ्या सासऱ्याची तिरडी बांधली. आज बाटले व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "चला तात्या! रेशीमवाल्यांना आपले हात चालत नाहीत!"

हसली माणसं. तुम्ही आत्ता हसलात तशीच!

हजारो अळ्या, वर ऊन, अन् बाई एकटी. काय करील? तिनं पदर सावरला. "तसं नव्हं तात्या. वेचा तुम्ही." अन् तात्यांची तंबाखू वेचणाऱ्यांत हातोहात फिरली.

तिथं एक पोरगा होता, नुकताच बी.एस्सी. झालेला. तंबाखूतलं निकोटीन किड्यांच्या मज्जातंतूंचं काय करतं, हे पेपरात लिहून त्यानं मार्क घेतलेले. पाण्याची बादली दहा पावलांवर. "तात्या, वहिनी खरं बोलतात" — एवढंच म्हणायचं होतं! त्याला वाटलं, थोरामोठ्यांचा अपमान कशाला?

मंडळी, तो पोरगा मीच.

संध्याकाळी अळ्या माना वर करून डोलायला लागल्या. हिरवं पाणी ओकल्या. सकाळी शेडमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं.

दगडूचा फोन आला तेव्हा मी दारात होतो. ती म्हणाली, "वाऱ्यानं नेलं सगळं." तात्यांचं नाव नाही, कुणाचंच नाही. "वाऱ्यानं नेलं. आता येऊ नका तुम्ही."

दगडू अजून तिकडंच आहे. तात्या वारले — एका बाईच्या अडचणीला धावलो, या समाधानात वारले. त्यांना कुणी सांगितलंच नाही. मीही नाही.

तात्यांना कळत नव्हतं हो. मला कळत होतं! अन् इथंही बसलेत माझ्यासारखे. घरात, बैठकीत, खरं ठाऊक असताना पायाच्या अंगठ्याकडं बघणारे. देवानं विचारलं तर काय सांगाल? वारा आला होता?

कीर्तन संपलं की तुम्ही पाया पडायला याल. आज येऊ नका.