परीच्या अर्जाखालच्या नऊ टिपा

तुम्ही हसाल, पण माझ्या लेकीच्या, परीच्या बालवाडीला द्यायचा अर्ज मी नारपोलीत शबानाआपाच्या टायपिंगच्या दुकानात करून घेतला. अर्ज एका ओळीचा: परीला शेंगदाण्याने घसा सुजतो, देऊ नये. माझं मात्र संपेचना.

"आपा, चिक्कीपण लिही. खिचडीतलं कूट तर दिसतसुद्धा नाही गं!"

"अरे बहन, सब नीचे डालती हूं." ती शब्दावर बारीक आकडा टाकायची आणि पानाच्या तळाशी टीप लिहायची. नऊ टिपा झाल्या.

"बाई हसतील गं."

"हसू दे. बच्ची सलामत राहील."

आठवड्याने बालवाडीच्या दारात बाईंनी मला थांबवलं. "आज साबुदाण्याची खिचडी होती. तुमची सातवी टीप, कुटाची, आठवली, परीला केळं दिलं."

मी तशीच दुकानात गेले.

"अब क्या रह गया?" आपाने विचारलं.

"दहावी टीप," म्हटलं. "शबानाआपाचे आभार."