आंबेमोहोर बंद करताना

मंडळी, भुकूमपासून पार वरच्या खोऱ्यापर्यंतची माणसं आज पौडच्या या वाचनालयात आली आहेत. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून कितीजण जिन्यात बसलेत. वैशाली असती तर आल्या आल्या सतरंज्या पसरायला लागली असती. मला बोलायला उभं केलंय खरं, पण भाषणाची मला सवय नाही. सांभाळून घ्या.

मी मोटारी रिवायंडिंग करणारा माणूस. तुमच्यातल्या निम्म्यांचे पंप माझ्या हातून गेलेत. कॉम्प्युटरशी माझा काय संबंध? तो वैशालीनं जोडला. भुकूमची सून, हिंजवडीत नोकरीला, आणि रविवारी इथं. कुणीतरी मोडीत काढलेला मोठा सर्व्हर तिनं आणला आणि त्या एकाच यंत्रात वेगवेगळी मशीनं उभी केली. मला काही उमजेना. म्हणाली, "काका, खाचर एकच हाय. आपुन बांध घालून वाफे पाडायचे."

मी म्हटलं, बांध आला की भांडण आलं. तर म्हणते, या बांधाला मोजणीवाला लागत न्हाई, कवाबी हलवा, भाऊबंद कोर्टात जात न्हाईत.

मशीनांना तिनं भातांची नावं दिली. इंद्रायणीवर आपली मुलं परीक्षेचा सराव करतात. कोळंबावर पुस्तकांची देवघेव चालते. आंबेमोहोर तिचं स्वतःचं.

हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि उघडं आहे. म्हणजे आत काय आहे ते कुणीही बघावं, दुरुस्त करावं, दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. गावची विहीर जशी. पाणी सगळ्यांचं, गाळही सगळ्यांनीच काढायचा. वैशालीनं काढला. आपल्याकडची लाइट कशी जाते, तुम्हाला सांगायला नको. लाइट गेली की बॅटरी संपायच्या आत एकेका मशीननं काम आवरून नीट बंद व्हावं, हे तिनं त्या सॉफ्टवेअरला शिकवलं. आता ते दूरदूरची माणसं वापरतात, म्हणे.

एकदा एक मशीन अडून बसलं. मी सर्व्हरचीच वायर उपटायला निघालो. तिनं माझा हात धरला.

"काका, घास तोंडात असताना ताट वढू नये. त्याला सांगायचं, आवर बाबा. मग थांबायचं."

आणि मंडळी, तिचं ताट? साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. तिला कुणी म्हटलं का, आवर बाई, आम्ही थांबतो?

तेव्हापासून आंबेमोहोर चालूच आहे, लाइट गेली तरी बॅटरीवर. सुनील, तिचा नवरा, कामावरून सुटला की इथं येतो, कोपऱ्यात बसतो, कॉम्प्युटरवर तिचा पडदा उघडतो. लाइट परत आल्यावर मशीनांनी कसं उठायचं, कोण आधी, कोण मागून, ते ती लिहीत होती. अर्धी ओळ आहे. तिच्यापुढं लुकलुकणारी रेघ. तो काही करत नाही. बघत बसतो.

शेजारी मुलांची इंद्रायणी अडखळते. परीक्षा तोंडावर, आणि आंबेमोहोराचा वाटा अडकलेला, म्हणून वाफ्याला पाणी पुरत नाही. पण एकाही मुलानं तक्रार केली नाही. आणि सुनीलला मी तरी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

काल तोच म्हणाला, "काका, तिचं काम भाईर काढू. मंग बंद करू. पोरांना जागा व्हईल."

काम आम्ही इंटरनेटवर, त्या उघड्या विहिरीवर नेऊन ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. अर्धी ओळ पुसू दिली नाही त्यानं. कुणीतरी पुरी करील, म्हणाला. अजून कुणाचं उत्तर नाही. येईल, न येईल. बी टाकलंय.

तेव्हा आता उभं राहू या. दोन मिनिटांचं घड्याळ कुणी लावू नका. समोर पडद्यावर आंबेमोहोराच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसतोय. सुनील त्याला सांगेल, आवर बाबा. त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे. ठिपका विझेपर्यंत आपण गप्प राहू. या खेपेला घाई नाही करायची.

ये, सुनील.